जैसलमेरला निघण्याआधी गच्चीवर एक रात्र

पत्र :

ताई, माझं वय ४९. जुळे सोलापुरात राहते, घरी शिकवण्या घेते. मुलगी पुण्यात शिकते. तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी येत्या माघात जैसलमेरच्या मरु महोत्सवाला जायचं ठरवलंय. वाळवंटात तंबूत मुक्काम आणि रात्री उघड्यावर लोकसंगीत. मला म्हणते, ‘आई, तू चलच.’ गाण्याचं वेड मला लहानपणापासून. आजी दळत असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ओव्या ऐकल्यात, आता त्यातल्या एकीच्या दोनच ओळी आठवतात. पण ह्यांचं म्हणणं, चांगलं घरदार असताना उघड्यावर झोपायची ही कसली हौस? सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्या अठरा वर्षं दिंडीत चालल्या, आता गुडघ्यांमुळं घरीच असतात. माझी कंबर धरते, थंडी सोसत नाही, बाथरूमची अडचण वेगळीच. मारवाडीतला एक शब्द कळत नाही. आणि चार पोरींच्या मजेत माझी अडगळ व्हायची. जाऊ की नको?

उत्तर :

प्रिय ताई,

जा. आणि आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की सासूबाईंजवळ बसा आणि एवढंच विचारा, ‘आई, अठरा वर्षं तुम्ही रात्री कुठं झोपत होता?’ मिस्टर घरात असतील तेव्हा विचारा, त्यांनाही उत्तर ऐकू दे.

माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात शिरते. मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. या वाटेवर लाखो माणसं रानात झोपतात. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, उशाला कपड्यांचं गाठोडं आणि वर राहुटी. ट्रक पुढं गेलेला असतो, दिंडीतली माणसं मेखा ठोकून राहुट्या उभ्या करून ठेवतात. मीही तीन वर्षं गेले आहे. समाजआरती झाली, जेवणं उरकली, की खरी मौज सुरू व्हायची. एखाद्या राहुटीत कुणी म्हातारी गवळण धरायची, शेजारच्या राहुटीतून टाळ यायचे, कुणीतरी पदर खोचून भारुडाला उभी राहायची. समोर ना मंच, ना माईक. ऐकणारी पंधरा माणसं, त्यातली आठ पाय चेपत बसलेली. माझ्या कानात आजही जे गाणं आहे, ते मोठ्या मांडवातल्या कीर्तनापेक्षा त्या राहुट्यांमधलं जास्त आहे.

तुमची मुलगी तुम्हाला जिथं बोलावते आहे, तिथलं मर्म हेच आहे. लोकसंगीताच्या महोत्सवात तंबूत राहायचं ते कार्यक्रम संपल्यानंतरच्या तासांसाठी. जगभर हे असंच आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ १९६२ साली एक लोकसंगीत महोत्सव सुरू झाला. तिथं शेतात तंबू ठोकून राहणारी मंडळी रात्री मंच बंद झाल्यावर आपापली वाद्यं काढून पहाटेपर्यंत वाजवत बसतात, आणि कित्येकांना तेच ऐकायचं असतं. तेव्हा उघड्यावर झोपायची हौस कसली, याचं उत्तर तुमच्या घरातच बसलेलं आहे, ताई. सासूबाई गप्प आहेत म्हणता, पण माझा अंदाज असा, की त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

आता जैसलमेरविषयी थोडं परखड बोलते, म्हणजे तिथं जाऊन हिरमोड नको.

मरु महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो. त्यात गाणं आहे, तसंच बरंच काही आहे. फेटा बांधायच्या स्पर्धा, मिशांच्या स्पर्धा, उंटांचे खेळ, गर्दी, भोंगे. शहरातही कार्यक्रम असतात आणि सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरही. त्या टेकड्यांभोवती ओळीनं तंबूंच्या छावण्या आहेत. वर्षभर पर्यटक येतात, बऱ्याच छावण्यांत रोज रात्री शेकोटीभोवती तासा-दीड तासाचा नाचगाण्याचा कार्यक्रम होतो आणि काही ठिकाणी त्यानंतर डीजे लागतो. तुमचा तंबू अशा डीजेच्या शेजारी आला, तर सारंगी ऐकायला गेलेल्या बाईला पहाटे दोनपर्यंत सिनेमातली गाणी ऐकावी लागतील. म्हणून पैसे भरायच्या आधी मुलीला छावणीवाल्यांशी फोनवर बोलायला सांगा. रात्री किती वाजता आवाज बंद होतो, शेजारच्या छावणीत काय असतं, तंबूत खाट आहे की खाली गादी, संडास तंबूला लागून आहे की सामायिक. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी छावणी बघा. मला विचाराल तर सगळ्या रात्री वाळूत काढू नका. पौर्णिमेची एक रात्र समला, बाकीच्या जैसलमेर शहरात साध्या लॉजवर. तुमच्या कमरेलाही ते मानवेल. उंटावर मात्र बसू नका. तो उठतो आणि बसतो तेव्हाचा हिसका थेट मणक्यात जातो.

तिथं गातात कोण, हे आधी समजून घेतलंत तर ऐकण्याची गोडी दुप्पट होईल. पश्चिम राजस्थानात मांगणियार आणि लंगा या दोन गायक जमाती आहेत. दोन्ही मुसलमान. मांगणियारांचे यजमान मात्र बहुतेक हिंदू, त्यातही राजपूत जास्त. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न निघालं, की मांगणियारानं यायचं, त्या घराण्याची वंशावळ म्हणायची, गाणी गायची आणि हक्काची बिदागी घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच घर आणि हाच गायक. कृष्णाची, देवीची गाणी ते गातात आणि सूफी कलामही गातात. लंगांचे यजमान सिंधी मुसलमान आणि त्यांच्या हातात सिंधी सारंगी. मांगणियारांचं वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, गजानं वाजवायचं. आवाज जड, थोडा घोगरा, एखादा म्हातारा माणूस मन लावून बोलतोय असा. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे साकर खान हे कमायचाचे मोठे वादक. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी ते गेले. ही गाणी गावाबाहेर आणि देशाबाहेर पोचवण्यात कोमल कोठारींचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि लेखक विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान काढलं आणि कोठारी पुढं आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी ध्वनिमुद्रित करत राहिले.

हे वाचताना तुम्हाला आपला गोंधळी आठवला असेल. लग्न झालं की गोंधळ घालायचा, संबळ-तुणतुण्यावर साऱ्या देवांना नावं घेऊन बोलवायचं, अंगणात चौक भरायचा. यजमान-गायकाचं हे नातं आपल्याला परकं नाही. म्हणूनच मांगणियारांकडं ‘राजस्थानी आयटम’ म्हणून बघू नका, कुणाच्या तरी घरचा गोंधळी म्हणून बघा. बसण्यात, बोलण्यात आपोआप फरक पडतो.

भाषेची धास्ती तर सोलापूरच्या बाईनं घ्यायलाच नको! आपण चार भाषांच्या गावात वाढलो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. पद्मशाली शेजारणीची तेलुगू अंगाईगीतं ऐकत कितीतरी मराठी पोरं झोपली आहेत. आपल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणणाऱ्या गर्दीत किती जणांना ती वचनं शब्दशः कळतात? तरी अंगावर काटा येतो. शिवाय मारवाडी इतकी दूर नाही. हिंदी कळणाऱ्याला दुसऱ्या रात्रीपासून निम्मं उमगतं. नाही उमगलं, तर गाणं संपल्यावर गायकालाच विचारा, ‘यह किस मौके का गाना है?’ एवढा एक प्रश्न बस. ते आनंदानं सांगतात, आणि मग पुढचं गाणं तुमच्याकडं बघून म्हणतात. सिनेमात गेलेल्या गाण्याची फर्माईश मात्र तुम्ही करू नका, पोरींनाही करू देऊ नका. ती त्यांनी हजार वेळा गायलेली असतात. ‘लग्नातलं म्हणा, पावसाचं म्हणा’ असं सांगितलंत तर पेटीतलं खरं सोनं बाहेर निघतं. मोबाइलवर मुद्रण करायचं असेल तर आधी विचारायचं. आणि शेकोटीपाशी कुणी तुमच्यासाठी म्हणून गायलं, तर उठताना बिदागी त्याच्या हातात द्यायची, छावणीच्या बिलात ती आलीच असेल असं धरून चालायचं नाही.

आता थंडी. सोलापूरकराचा अंदाज हमखास चुकतो तो इथं, कारण माघात आपण पंखा लावायला सुरुवात करतो. वाळवंटात त्याच दिवसांत दुपारी ऊन चटकतं आणि रात्री पारा १० अंशांच्या खालीही जाऊ शकतो. वाळू जशी झटपट तापते तशीच झटपट निवते. हवेत ओल नाही, आभाळ मोकळं, दिवसाची ऊब धरून ठेवायला काही नाही. दिवस मावळल्यावर तासाभरात हातातला चहा निवतो.

लोक अंगावर तीन-तीन पांघरुणं घेतात आणि तरी कुडकुडतात, कारण गारठा खालून येतो. तेव्हा आधी अंगाखालची तयारी. छावणीत खाट असेल तर उत्तम. पण खाटेखालून वारा फिरतो, म्हणून गादीवरही एक घोंगडी अंथरा. खाली झोपायचं असेल तर प्लास्टिकचा कागद, त्यावर फोमची चटई, त्यावर घोंगडी. आणि आपली सोलापुरी चादर? ती न्याच, तिच्याशिवाय आपण घर सोडत नाही. पण ती सुती आहे हे ध्यानात ठेवा. सुती कापड दव पितं, जड होतं आणि मग ऊब देत नाही. ती अंगालगत घ्या आणि तिच्यावर लोकरीचं काहीतरी. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून तर धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो. दिवसभर घातलेल्या कपड्यांवर झोपू नका. घाम आणि ओल दोन्ही त्यात असतात. झोपायचा जोड वेगळा ठेवा, कोरडे पायमोजे आणि कानटोपी त्यातच गुंडाळून ठेवा. गरम पाण्याची रबरी पिशवी कमरेशी घेऊन झोपलात तर सकाळी मला दुवा द्याल.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. थंडी वाजते म्हणून शेगडी, निखाऱ्यांची पाटी, काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही. छावणीवाल्यानं आणून दिली तरी बाहेर ठेवायला सांगा. बंद जागेत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतल्या झोपेत जातो. पोरींनाही हे नीट बजावून सांगा.

तंबूची चेन पूर्ण लावून घ्यायची, ती किड्यामुंग्यांसाठी आणि विंचवासाठी. सकाळी चपला-बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. पण वरची हवेची खिडकी उघडी ठेवायची. ती बंद केली तर आपल्याच श्वासानं आतून कापड ओलं होतं आणि लोकांना वाटतं, तंबू गळतोय.

बाथरूमच्या अडचणीवर बायका एक उपाय करतात, तो तेवढा करू नका. पाणी पिणं कमी करतात. वाळवंटात दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं. ते तोडलं की संध्याकाळी डोकं धरतं आणि दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ. दिवसभर भरपूर प्या, सूर्यास्तानंतर कमी करा. डोक्याला बांधायची छोटी बॅटरी न्या म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मैदानात गेल्याबरोबर, उजेड असतानाच, संडास कुठं आहे ते बघून ठेवा आणि गर्दी व्हायच्या आत जाऊन या, कार्यक्रम संपल्यावर रांग लागते. गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता आणि नाडीऐवजी इलॅस्टिकची सलवार. साबणाचा कागद, एक-दोन जुनी वर्तमानपत्रं, पॅड. पाळी जवळ आली असेल किंवा या वयात ती अनियमित झाली असेल, तर दुप्पट न्या. तिथं दुकान नाही.

जेवणाची काळजी आपल्याला कमी. कडक भाकरी ही प्रवासाचीच भाकरी, कितीतरी दिवस टिकते. सोबत शेंगाचटणी. तिथं दही सहज मिळतं, भाकरी चुरून त्यात चटणी कालवली की झालं. बाजरीचा सोगरा आणि केर-सांगरीची भाजी मात्र तिथली खाऊनच या. आणि एक पुडकं शेंगाचटणी कमायचा वाजवणाऱ्याला द्या. माझा अनुभव असा, की गाणाऱ्या माणसाला टाळीपेक्षा आपल्या घरचं खाणं अधिक लक्षात राहतं.

तंबूच्या जागेविषयी एक आठवण सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका धरणाच्या काठी लोकगीतांच्या दोन दिवसांच्या मुक्कामी कार्यक्रमाला आम्ही पाच बायका गेलो होतो. आयोजकांनी तंबू एका ओळीत, देखणे लावले होते, पण पाण्याकडं उतरणाऱ्या सखल पट्ट्यात. रात्री एकच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला. वीस मिनिटांत गाद्या तरंगू लागल्या. आम्ही सामान डोक्यावर घेऊन एका शाळेच्या व्हरांड्यात रात्र काढली. मला आजही वाईट वाटतं ते भिजल्याचं नाही. त्या पट्ट्यात चारी दिसत होती, वाहून आलेला काडीकचरा एका रेषेत पडलेला दिसत होता, आणि आमच्यापैकी तिघी शेतकऱ्यांच्या लेकी. तरी कुणी तोंड उघडलं नाही, कारण ‘आयोजकांना कळत असेल.’ तुम्ही तसं करू नका. पोचल्यावर दिवसाउजेडी छावणीभोवती एक चक्कर मारा. जागा उंचवट्यावर आहे का, तंबूचं दार वारा येतो त्याच्या उलट अंगाला आहे का, दोऱ्या ताठ आहेत का. वाळूत साधी मेख धरत नाही, खोल पुरावी लागते नाहीतर तिला वजन बांधावं लागतं. दोरी ओढून बघा. मेख हलली तर तिथल्या पोराला बोलवा आणि तुमच्यासमोर घट्ट करून घ्या. संकोच करू नका.

आता मिस्टरांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना घेऊन चला, पण जैसलमेरला नाही. दिवाळीत हुलजंतीला.

मंगळवेढा तालुक्यातलं हे महालिंगरायाचं ठाणं तुम्ही ऐकून असाल. दिवाळीच्या अमावस्येला महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर समाज लोटतो. रात्री देवळाच्या शिखराला मुंडासं बांधलं जातं, ते खुद्द शंकर-पार्वती येऊन बांधतात अशी श्रद्धा, आणि ते बघायला माणसं आभाळाखाली जागत बसतात. मग पालख्यांच्या भेटी, हुन्नूरचा बिरोबा आपल्या शिष्याला भेटायला येतो. ढोल-कैताळांचा कल्लोळ, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं रान, उधळलेलं खोबरं आणि लोकर. ओव्या मराठीत आणि कन्नडमध्येही. हजारो माणसं रानात घोंगडी टाकून पडलेली. आपल्याच जिल्ह्यातला हा उघड्यावरचा लोकसंगीताचा महामेळा आहे. देवाचं ठिकाण म्हटल्यावर मिस्टर नाही म्हणणार नाहीत, आणि एक रात्र ढोलांच्या आवाजात, घोंगडीवर, ताऱ्यांखाली काढली की त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारावासा वाटणार नाही. गर्दीत सासूबाईंना नेणं अवघड वाटत असेल, तर येताना भंडारा घेऊन या आणि काय बघितलं ते मिस्टरांनाच त्यांना सांगू द्या.

त्याच्याही आधी, येत्या शनिवारी, घरच्या गच्चीवर एक रात्र झोपा. आपल्या लहानपणी उन्हाळ्यात अख्खं सोलापूर गच्चीवर नाहीतर माळवदावर झोपायचं, पाणी शिंपडून, सुरई उशाशी ठेवून. आता फोमच्या चटईवर, तीच पांघरुणं घेऊन, रात्री बॅटरी लावून खाली बाथरूमला जाऊन बघा. कमरेला काय लागतं ते त्या एका रात्रीत कळेल. गुडघ्यांखाली उशी हवी, की चटई दुहेरी हवी. कंबर नेहमीच धरत असेल तर डॉक्टरांना दाखवून त्यांनी दिलेली गोळी, मलम आणि पट्टा बरोबर असू द्या.

गाडीचं बघताना लक्षात ठेवा, रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि जैसलमेरला इथून गाडी बदलत जावं लागतं. जोधपूरला एक दिवस थांबा. तिथून पुढं रस्त्यानं सुमारे २८० किलोमीटर उरतं आणि सलग प्रवास केलात तर पहिल्या रात्री गाण्याला बसल्या बसल्या डुलक्या घ्याल. महोत्सवात दुपारी झोपायला शिका. सगळे जाणकार श्रोते झोपतात.

मुलीला दुसरे महोत्सव खुणावत असतील तर तेही सांगून ठेवते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात २००७ पासून शरद पौर्णिमेच्या सुमारास होतो तो लोकसंगीत महोत्सव निव्वळ ऐकण्यासाठी जास्त कसदार आहे, पण मुक्काम शहरात करायचा, तंबू नाही. अरुणाचलमधला झिरोचा महोत्सव २०१२ पासून सप्टेंबरात भरतो. डोंगर, भातखाचरं, तंबू सगळं आहे, पण संगीत बहुतांशी नव्या पोरांचं आणि चिखल भरपूर. तो पोरींनी करावा. नागालँडचा हॉर्नबिल १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामा गावात. या दोन्ही राज्यांत जायला इनर लाइन परमिट काढावं लागतं. माझा स्वतःचा जीव अडकलाय तो बंगालात बीरभूम जिल्ह्यात, अजय नदीच्या काठी, जयदेव-केंदुलीच्या मेळ्यात. गीतगोविंद लिहिणाऱ्या जयदेवांच्या नावाचा मेळा, रात्र रात्र बाउल आणि फकीर, म्हणजे तिथले भटके भक्तिगायक, आखाड्यांमध्ये गातात. पण तो भरतो नेमका मकर संक्रांतीला, आणि संक्रांतीला आपल्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा सोडून जायला माझं मन अजून धजत नाही. तुमचंही धजणार नाही, मला ठाऊक आहे.

राहिला अडगळीचा प्रश्न. वीस वर्षांची पोरगी आईला ‘चलच’ म्हणते तेव्हा तिला सोबत हवी असते. भिडेखातर बोलावणाऱ्या मुली ‘येणार असशील तर ये’ म्हणतात. तरीही दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. तंबू वेगळा घ्या, त्यांच्या शेजारचा पण वेगळा. रात्री बारानंतर त्या कुठं बसल्या, किती हसल्या, हे तुम्ही विचारायचं नाही. त्यांनी एवढंच पाळायचं, की छावणीबाहेर जायचं तर दोघींनी मिळून आणि तुम्हाला सांगून. वाळूत मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची एक जागा ठरवा, मैदानाच्या दरवाजापाशी किंवा चहाच्या टपरीपाशी. आणि एक संध्याकाळ मुद्दाम त्यांच्याबरोबर बसू नका. एकट्या, मंचाच्या अगदी जवळ, कमायचाच्या बाजूला बसा. पत्र वाचताना मला वाटत राहिलं, की गेल्या पंचवीस वर्षांत तुम्ही कुठलंच गाणं हातातलं काम सोडून ऐकलेलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकलंय, वह्या तपासत ऐकलंय. तिथं तुमच्या हातात काही नसेल. पहिला अर्धा तास चुकल्या-चुकल्यासारखं वाटेल, तेवढा जाऊ द्या.

शेवटचं, आणि हे सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहा. शेकोटीभोवती गाणं रंगलं, की मध्यरात्रीनंतर कुणीतरी हटकून म्हणतं, ‘अब आप के यहाँ का कुछ सुनाइए.’ सगळे तुमच्याकडं बघतील. पोरी मोबाइल काढतील, त्यांना कुठलं येणार? त्या वेळी तुमच्याकडं आजीची ती ओवी अख्खी असायला हवी. दोन ओळी तुमच्याजवळ आहेत, उरलेल्या आईला, मावशीला, आत्याला, कुणाला तरी नक्की ठाऊक असतील. आजीबरोबर जात्याचा खुंटा धरलेली एखादी तरी म्हातारी अजून असेलच. सासूबाईंनाही विचारा, दिंडीतल्या बायकांकडं ओव्यांचा साठा असतो. चाल फोनवर मुद्रित करून घ्या, शब्द वहीत उतरवा, आणि गच्चीवर झोपाल त्या रात्री एकदा मोकळ्या आवाजात म्हणून बघा. माघाला वेळ आहे, पण मावशीला फोन या रविवारीच करा.

तुमची,
ताई